मेलेल्या कॅन्सर पेशी लसीचं काम करतात म्हणे, मग उरलेली केमो सोडायची का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की आईला ब्रेस्ट कॅन्सरसाठी लाल केमो चालू आहे, दोन डोस झालेत, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की मेलेल्या कॅन्सर पेशीच शरीरात लस बनतात, तर उरलेले डोस सोडा आणि गुळवेल देऊन इम्युनिटी वाढवा. त्यातलं पहिलं वाक्य खोटं नाहीये, म्हणून तर असले मेसेज पसरतात. पुढचं सगळं वरून चिकटवलेलं आहे. मी जळगावला फार्मसीच्या पोरांना हेच औषध शिकवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. गावात नव्वदीचा म्हातारा झोपेत गेला की चार माणसं जमतात, उचलतात, विषय संपला. तोच जर केळीच्या बागेत रक्ताच्या थारोळ्यात सापडला तर पोलीस, पंचनामा, मेला तो कोण, कुठला, कुणाकुणात उठबस होती, सगळी चौकशी निघते आणि मग त्याच्या टोळीपर्यंत हात पोचतो. कॅन्सरची पेशी यातल्या कुठल्या तऱ्हेने मरते यावर सगळा खेळ आहे, आणि ते बरंचसं औषधावर ठरतं.

तुमच्या आईला जे लाल सलाईन लागतं ना, ज्याने एक-दोन दिवस लघवीपण लालसर होते आणि घरातले घाबरतात, ते डॉक्सोरुबिसिन (किंवा त्याचा भाऊ एपिरुबिसिन). २००५ मध्ये पॅरिसला गुइडो क्रोमर आणि लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या टीमने काय केलं, उंदराच्या कॅन्सर पेशी लॅबमध्ये डॉक्सोरुबिसिनने मारायला घेतल्या आणि त्या मरणाऱ्या पेशी चांगल्या उंदरांना एका बाजूला टोचल्या, मधे काही दिवस जाऊ दिले, आणि मग दुसऱ्या बाजूला त्याच कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या. बहुतेक उंदरांना गाठ आलीच नाही. मायटोमायसिन नावाच्या दुसऱ्या केमोने मारलेल्या पेशींना हे जमलं नाही. दोन्हीकडे पेशी मेल्याच होत्या, बरं का. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की पेशी अशी शिस्तीत मेली की ती गुपचूपच मरते.

फरक कुठला ते २००७ मध्ये कळलं. कॅलरेटिक्युलिन म्हणून एक प्रोटीन असतं, एरवी ते पेशीच्या आत असतं, प्रोटीनच्या घड्या नीट पाडायचं काम करतं. डॉक्सोरुबिसिनने पेशीवर एवढा ताण येतो की मरायच्या आधीच ते बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन बसतं, आणि ती खूण म्हणजे सरळ "मला खा". सोबत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर झिरपतं, त्याच्या मागावर डेंड्रायटिक पेशी, म्हणजे इम्युन सिस्टीमचे पंचनामा करणारे, येतात, त्या मरणाऱ्या पेशीचे तुकडे गिळतात, लिम्फ नोडमध्ये, म्हणजे इम्युन पेशींच्या चौकीत, जातात (ब्रेस्टच्या बाबतीत बहुतेक काखेतल्या) आणि तिथे टी-सेलना, म्हणजे शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ते तुकडे दाखवतात की हे बघा, असे दिसणारे शोधा. एचएमजीबी-१ नावाचं अजून एक प्रोटीन शेवटी बाहेर पडतं, त्याशिवाय हे दाखवणं नीट होत नाही. ऑक्सॅलिप्लाटिन नावाची केमो हे सगळं करते, त्याचाच चुलता सिस्प्लाटिन उंदरांत जवळपास करत नाही.

आता तुमच्या मनात येणारच की केमोने तर पांढऱ्या पेशी कमी होतात, मग इम्युनिटी कशी वाढेल? खाली येतात त्या मुख्यतः न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी सगळ्यात कमी, मग परत भरतात, डोसमध्ये अंतर ठेवतात ते त्यासाठीच. त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

राहिला "लस झाली तर डोस कशाला" हा मुद्दा. उंदराला लस आधी दिली आणि कॅन्सर नंतर टोचला. आईच्या अंगात गाठ आधीपासून आहे, आणि मुरलेली गाठ हुशार असते, टी-सेल आल्या तरी आपल्या अंगावरच्या पीडी-एल१ सारख्या प्रोटीनने त्यांना ब्रेक लावते. हे ब्रेक सोडवणाऱ्या कामालाच २०१८ चं नोबेल मिळालं, अ‍ॅलिसन आणि होंजो यांना. माणसांत केमो आणि ब्रेक सोडवणारं औषध दोन्ही जोडून पाहिलंय, नेदरलँड्समध्ये ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरमध्ये (ईआर, पीआर, हर-टू या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येतात तो) आधी थोडं डॉक्सोरुबिसिन आणि मग निव्होलुमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध दिलं तर इतर गटांपेक्षा जास्त जणींच्या गाठी आकसल्या, पण रुग्ण थोडे होते आणि सगळ्यांना फायदा झाला असं अजिबात नाही. सिस्प्लाटिनच्या गटातही बऱ्यापैकी फरक दिसला, म्हणजे उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागत नाही. एकूण काय, इम्युन सिस्टीमची मदत हा केमोच्या कामातला एक वाटा आहे, आणि बाकी पेशी थेट मारायच्या त्या औषधालाच माराव्या लागतात. दोन डोसवर थांबलात तर उरलेल्या पेशींना मोकळं रान.

गुळवेलाचं तर स्पष्टच सांगतो, देऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या केसेस छापल्यात. डॉक्सोरुबिसिन मुख्यतः लिव्हरमधून बाहेर पडतं, रक्तात बिलिरुबिन (कावीळ मोजतात ते) वाढलं की डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो, म्हणजे इम्युनिटीच्या नादात जे औषध काम करतंय त्याचीच मात्रा घटणार. कळण्याची भाकरी, वरण, अंडी, चालत असेल ते पोटभर खाऊ द्या, भरीत खावंसं वाटलं तर घरचं, ताजं, तिखट बेताचं, तोंड आलेलं असतं या दिवसांत.

आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू पुढे काय लिहिलंय ते इथे टाका. तिन्ही निगेटिव्ह असतील तर केमोसोबत इम्युनोथेरपीचा (ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचा) प्रश्न खरंच विचारण्यासारखा आहे, तो पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना विचारा, ऑपरेशन झाल्यावर नाही.