झूम ८३ एक्स, पण उजेडाचं काय?

प्रश्न : निकॉन पी९०० कॅमेरा सेकंडहँड मिळतोय, ८३ एक्स झूमवाला. भिगवणचे फ्लेमिंगो आणि एरवी फिरायला, दोन्हीला चालेल का?

उत्तर : चालेल की, पण ऊन असेपर्यंतच. झूम २००० एमएमपर्यंत, म्हणजे फार लांबचं जवळ आणण्याइतका जातो हे खरंय, पण तिथे अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) एफ ६.५, म्हणजे लहान, आणि सेन्सर (उजेड टिपणारा भाग) अगदी बारका, त्यामुळे ढग आले की आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढतो आणि पिसांचा नुसता लगदा होतो, त्यात रॉ फाइल (फोटोचा प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) मिळत नाही म्हणजे नंतर सुधारायलाही फारसा वाव नाही. होडी हलत असताना फुल झूमला पक्षी सापडणं मुश्कीलच, तेव्हा लेन्सच्या बाजूचं स्नॅप-बॅक बटण दाबून धरा, झूम मागे येऊन जास्त भाग दिसतो, पक्षी दिसला की बटण सोडा. पैसे देण्याआधी दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढून बघाच.