२०१० च्या निवडणुकीआधी अमेरिकेत डेमोक्रॅट्सनी करकपातीवर संसदेत मतदान घ्यायला हवं होतं का?

माझ्या मते, घ्यायलाच हवं होतं. बुश यांच्या काळातली करकपात २०१० अखेर संपणार होती. जोडप्याच्या अडीच लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावरची सवलत काढायची, बाकीची ठेवायची, असा ओबामांचा प्रस्ताव. पण काठावरच्या मतदारसंघांतले स्वपक्षीय खासदारच कचरले आणि मतदान पुढे ढकललं गेलं. तरी प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गेल्याच! डिसेंबरात सिनेटमध्ये ५३ मतं मिळूनही प्रस्ताव अडला, कारण चर्चा थांबवून प्रस्ताव पुढे न्यायलाच तिथे १०० पैकी ६० लागत होती. शेवटी श्रीमंतांसकट सगळ्यांनाच दोन वर्षं मुदतवाढ. सिनेटचं गणित सप्टेंबरातही बहुधा जुळलं नसतं म्हणा. पण विरोधकांनी कुणासाठी मध्यमवर्गाची सवलत अडवली, हे प्रचारात नावानिशी सांगता आलं असतं.