विहिरीतल्या काळ्या पाषाणाचं वय

प्रश्न : होटगीकडं आमच्या विहिरीचं काम चालूय, वर मुरूम, खाली काळा पाषाण, मधेच विटेसारखा तांबडा थर. पोरगा म्हणतोय दगड साडेसहा कोटी वर्षांचा. हे ठरवतात कसं ओ? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोरगं बरोबर बोलतंय, साधारण ६ कोटी ६० लाख धरा. सह्याद्रीपासून तुमच्या विहिरीपर्यंत सगळा लाव्हाच आहे. त्यात थोडं पोटॅशियम असतं, त्यातला पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार आपोआप विघटित होतो, निम्मं संपायला १२५ कोटी वर्षं लागतात, आणि त्यातल्या काही भागाचा आरगॉन वायू होतो. लाव्हा तापलेला असताना जुना आरगॉन उडून जातो, थिजल्यावर नवा आतच अडकतो, तोच मोजायचा. हल्ली दगड आधी अणुभट्टीत ठेवतात, म्हणजे पोटॅशियमही आरगॉनच्याच रूपात मोजता येतं, मग थोडाथोडा तापवून वायू मोजतात, आयआयटी मुंबईत अशी प्रयोगशाळा आहे. पण आपल्या बेसाल्टात, म्हणजे या काळ्या पाषाणात, पोटॅशियम मुळातच कमी, त्यात दगड कुजलेला असला की आरगॉन निसटतो, म्हणजे वरचा मुरूम काही कामाचा नाही.

मला विचाराल तर खरी मजा त्या तांबड्या थरात. पश्चिम घाटात अशा काही थरांत ज्वालामुखीची राख सापडली, राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, मग आतलं शिसं युरेनियमपासूनच आलेलं. त्यावरून काढलेलं वय लाखभर वर्षांपेक्षाही कमी फरकात बसतं!

तुमच्या थरात झिरकॉन असेलच असं नाही, तरी मूठभर माती पिशवीत भरा, खोली लिहा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात दाखवून या.