लाल लुडविजिया लावताना

माशांच्या टाकीत पहिल्यांदाच लाल पाणवनस्पती लावताय तर लुडविजिया रेपन्स घ्या. दुकानातली जुडी शिसाच्या पट्टीसकट रोवू नका, देठ तिथेच कुजतो. पट्टी काढा, १०-१२ सेंटिमीटरचे शेंडे कापा, खालच्या दोन पेरांवरची पानं खुडा आणि चिमट्याने एकेक देठ ३ सेंटिमीटर खोल, दोन बोटं अंतर ठेवून रोवा. वाळू गोव्यातल्या मिरामार किनाऱ्यावरची नको हां! त्यातले शिंपल्यांचे कण पाणी जड करतात.

पहिल्या दोन आठवड्यांत जुनी पानं गळतील. ती रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढलेली असतात. शेंड्याला नवं पान फुटतंय ना, तेवढं बघा. पेरांतून निघणारी पांढरी मुळंही रोग नव्हे.

पानाची पाठ गुलाबी, वरची बाजू मात्र हिरवीच? प्रकाश कमी पडतोय. दिवा चांगला घ्या, पण सात-आठ तासच लावा. जास्त लावलात तर शेवाळ माजेल. नवी पानं फिकट पिवळी आली तर लोहाचं द्रवखत द्या, बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करून.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांवर गेलं की झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. रोज आटलेलं पाणी भरायला विसरू नका.