मलेरिया प्रश्नोत्तरे: गोळ्या उरतातच कशा?

मलेरियाच्या पेशंटच्या ताटात जेवलं तर होतो का?
नाही. अॅनॉफिलिस जातीच्या डासाची मादी चावल्याने होतो.

डास पळवणारं मोबाईल अॅप चालतं का?
बॅटरी संपते, डास राहतात. मच्छरदाणी लावा, औषध लावलेली मिळाली तर उत्तम. हा डास मुख्यतः संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो.

दोन महिन्यांपूर्वी व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला होता. तीन दिवसांत ताप गेला म्हणून पुढच्या गोळ्या घेतल्या नाहीत. आता परत थंडी वाजतेय, उरलेल्या घेऊ का?
नका घेऊ! दर आठवड्याला कोणीतरी खिशातून अर्धी स्ट्रिप काढून माझ्या टेबलावर ठेवतं, वर अगदी कौतुकाने, बघा डॉक्टर, एवढ्यातच बरा झालो. अहो, गेला तो ताप. व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात. पहिल्या गोळ्या रक्तातले जंतू मारतात, झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन, बहुतेक वेळा १४ दिवस, आणि लोक नेमकं तेच सोडतात. पण तेही मनाने सुरू करायचं नाही, रक्तपेशींना जपणारं जी६पीडी हे एन्झाइम कमी असेल तर त्या पेशी फुटतात, गरोदरपणात तर देतच नाहीत. शिवाय हा ताप नव्या डासाचाही असेल, फाल्सिपेरम या जास्त धोकादायक प्रकाराचाही असेल, आणि तो एक-दोन दिवसांत मेंदू-किडनीपर्यंत जातो. तेव्हा आजच रक्त तपासा आणि ती स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा.

मलेरियाचं औषध आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच येतं ना, मग पानांचा काढा का नको?
वनस्पतीतून येतं हे खरं, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्यासाठी २०१५ चं नोबेलही मिळालं. पण कपात किती औषध उतरलं हे कोणी मोजलंय? अर्धवट डोसने जंतू मरत नाही, सरावतो. म्हणून तर गोळीतही ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात. काढ्याची पाकिटं विकणारे हे सांगणार नाहीत.

लस आलीय म्हणे, घरातल्या सगळ्यांनी घ्यावी का?
नाही. आरटीएस,एस (२०२१) आणि आर२१ (२०२३) या दोन्ही लसींची शिफारस मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. २०२३ मध्ये जगात अंदाजे २६ कोटी ३० लाख केसेस आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि तिथे मरणाऱ्यांत चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं. लस आधी कोणाला, हे त्यातच आलं. तुमच्या मुलाचं बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मग मलेरिया संपणार तरी कधी?
काही देशांत संपलाय, चीन २०२१ मध्ये मलेरियामुक्त ठरला, इजिप्त २०२४ मध्ये. तिथे केस सापडली की लगेच तपासणी, पूर्ण उपचार, आजूबाजूला शोध, हे वर्षानुवर्षं केलं. कंटाळवाणं काम आहे.

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, पण ताप आहेच.
एका निगेटिव्हवर थांबू नका. डॉक्टरांकडे जा, स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून करतात ती तपासणी, परत करायला लागेल. आणि गेल्या काही महिन्यांत कुठे फिरून आलात ते त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.