मोबाईल काढून घेऊ का?

"मॅडम, मोबाईल काढून घेतला तर पोरगं सुधरंल का?" बीडकडच्या एका वडिलांनी विचारलं. कॉलेजातल्या मुलामुलींचे पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारा. पहाटेपर्यंत गेम आणि रील्स, दुपारी उठणं, लेक्चर बुडालेली, मेसचा डबा तसाच. दिवाळीत वडिलांनी फोन काढून घेतला, तर त्याने मित्राचा जुना फोन मिळवला आणि घरच्यांशी बोलणंच टाकलं.

त्याला मी आठवडाभर एक वही लिहायला सांगितली. फोन किती वेळ पाहिला ते नको, हातात घेण्याआधी काय घडलं तेवढंच लिही. वहीत तेच तेच येत राहिलं: ग्रुपवर सबमिशनची तारीख पडली, घरून फोन आला, रूममेट अभ्यासाला बसला. मग हळूहळू कळलं, पहिल्या वर्षाचे विषय राहिलेत, त्यात गणितही आहे. घरी मात्र 'सगळं क्लिअर' सांगितलेलं. वायडी (इयर डाउन) लागेल, म्हणजे वर्ष वाया जाईल, या धास्तीने पुस्तक उघडवत नव्हतं. गेममध्ये तेवढी रँक चढत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गवारीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, असे त्याचे निकष आहेत. इंटरनेटच्या व्यसनाचं वेगळं निदान त्यात नाही. म्हणून पोरगं रात्री जागतं एवढ्यावरून त्याला व्यसनी म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आम्ही आधी उठण्याची वेळ पक्की केली. झोपेची आपोआप मागून येते. साधं गजराचं घड्याळ घेतलं, म्हणजे फोन उशाशी ठेवायची सबब उरली नाही. मग राहिलेल्या विषयांचा फॉर्म. सगळ्यात जड गेलं ते वडिलांना सांगणं. ते माझ्यासमोरच झालं. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आधी सांगायचं की रे." त्या सेमिस्टरच्या परीक्षेत गणित सुटलं, एक विषय राहिला. निकालाच्या रात्री तो पुन्हा पहाटेपर्यंत खेळला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून घरी फोन करून निकाल सांगितला.

तेव्हा फोन हिसकावण्याआधी परीक्षेचं काय चाललंय ते विचारा, आणि उत्तर ऐकून ओरडू नका. मात्र मूल जेवत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल, पैसे लावून खेळत असेल किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर वाट पाहू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.