रांगोळी काही मिळेना

प्रश्न : पैसे पाठवण्याच्या एका ॲपवर स्क्रॅच कार्ड खरवडले की मला पूर्वी अकरा-एकवीस रुपये मिळत, आता केवळ कूपने निघतात. तरीही मी दूधवाल्याचे बिल मुद्दाम दोन हप्त्यांत देतो. हे वेडेपणाचे आहे का?

उत्तर : वेडेपणा नव्हे, सवय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत असे दिसले की, दाणा किती टोचींनंतर मिळेल हे अनिश्चित असले, तर पक्षी अधिक चिकाटीने चोच मारतो आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबत नाही. आपले दोन हप्ते त्याच जातीचे आहेत. राग मानू नये. २०१९ च्या दिवाळीत गुगल पेने दिवा, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी हे पाच स्टॅम्प जमवणाऱ्यांना २५१ रुपये देऊ केले, तेव्हा आम्हीही चार जमवून रांगोळीसाठी भाच्यापासून विहिणीपर्यंत सर्वांना निरोप धाडले होते.

सुरुवातीची रोख रक्कम हा ग्राहक जोडण्याचा खर्च असतो; सवय जडल्यावर तो आटतो, आणि कूपन ही तर बहुधा दुसऱ्याच दुकानाची जाहिरात असते. बिल एकदाच चुकते करावे. मात्र बक्षीस ‘जमा करण्यासाठी’ कोणी यूपीआय पिन मागितला, तर तो मुळीच देऊ नये, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.